मुक्कामी गाडी

संध्याकाळी सहा-साडेसहाला हिंगोलीच्या बसस्थानकावरून खेड्यांकडे निघणाऱ्या काही गाड्यांना एक जादा शब्द चिकटलेला असायचा: मुक्कामी. म्हणजे ही गाडी आज परत येणार नाही. गावात जाईल, मारुतीच्या पारापाशी उभी राहील. ड्रायव्हर-कंडक्टर कुणाच्या तरी ओसरीवर भाकरी खातील, उन्हाळा असला तर टपावर पथाऱ्या टाकतील आणि पहाटे पाच-सहाला दूधवाले, कोर्टाची तारीख असलेले, दवाखान्यात निघालेले असे सगळे भरून गाडी पुन्हा तालुक्याला लागेल. रात्री कुणी अडलं, बाळंतीण असो की साप चावलेला, तर बैलगाडी जुंपायची. गाडी उभी असून उपयोग नाही, डिझेलचा हिशेब आगाराला द्यावा लागतो, असं कंडक्टर सांगायचा. तरी एखादा दयाळू ड्रायव्हर निघायचाही.

आमच्या सगळ्या चळवळीचं वेळापत्रक या गाडीने ठरवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटायचं, ते आमच्या विचारांनी ठरवलंय.

गावात बैठक घ्यायची तर संध्याकाळी पोचायचं, कारण दिवसा माणूस शेतात. आणि संध्याकाळी पोचलं की रात्री परतायची सोय नाही. म्हणजे बैठक संपली तरी आपण संपत नाही. जेवायचं कुठं, पाणी कुणाच्या माठातलं प्यायचं, झोपायचं कोणत्या ओसरीवर, हे प्रश्न बैठकीच्या विषयपत्रिकेत नसायचे. पण गावाचं सगळं लक्ष तिकडेच असायचं. भाषणात समता म्हणणारा हा पोरगा रात्री झोपतो कुठं, ते बघू. आणि रात्रीच्या जेवणाआधी एखादी म्हातारी, अगदी मायेने, विचारायची, “तुम्ही कोणाचे, बाबा?” आडनाव विचारण्याची ती आमच्याकडची सभ्य रीत. तुम्ही कोणाचे, याचं उत्तर देऊन झालं की जागा ठरायची.

हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता. जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी आम्ही परभणी जिल्ह्याचं एक टोक. मोर्चा असो, निवेदन असो, कलेक्टरला भेटायचं तर मीटरगेजच्या गाडीने पूर्णेला उतरायचं, तिथे दुसऱ्या गाडीची वाट पाहायची, मग परभणी. पूर्णा जंक्शनच्या फलाटावर जितके संयुक्त ठराव झाले तितके कुठल्याच सभागृहात झाले नसतील. गाडी दोन तास लेट म्हटलं की समाजवादी, लालबावटेवाले, पँथरवाले, आर्य समाजाच्या जुन्या वळणाचे एखाददोन वृद्ध स्वातंत्र्यसैनिक, सगळे एका बाकाभोवती. चहा एक, कप चार. तिथे भांडण लांबवता यायचं नाही, कारण पुढच्या डब्यात शेजारीच बसायचं असायचं. आता पूर्णा-अकोला मार्गही रुंद झाला, त्याला २००८ साल उजाडलं. गाड्या पळतात. ज्या मागणीसाठी आम्ही उन्हात उभे राहिलो, ती मिळाल्यावर आमची बसायची जागा गेली, ही तक्रार कुणापाशी करणार? हसतील.

रुंद रूळ ही मागणी १९७४ ची. मराठवाडा विकास आंदोलन. त्याआधी दोन वर्षं दुष्काळाची. खायला सुकडी आणि मिलो, कामाला खडी फोडणं. परभणीला १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ झालं, तेही लोक रस्त्यावर आल्यावरच. त्यामुळे मागितल्याशिवाय आणि एकत्र मागितल्याशिवाय काही मिळत नाही, हे आमच्या पिढीच्या हाडात बसलेलं. रेल्वे द्या, पाटाचं पाणी द्या, कारखाने द्या, नोकऱ्यांत आमच्या पोरांना जागा द्या. मी तेव्हा कॉलेजात. वसमतला विद्यार्थ्यांवर गोळीबार झाल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामे. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. मोर्चात सगळे होते, म्हणजे खरंच सगळे: जमीनदाराचा पोरगा, मारवाडी दुकानदाराचा, मोमिनाचा, बौद्धवाड्यातला. गोविंदभाई श्रॉफ हे नाव तेव्हा आम्हाला वडिलांसारखं. निजामाशी लढलेला माणूस, आता मुंबईच्या सरकारशी लढतोय. औरंगाबादहून ‘मराठवाडा’ दैनिक यायचं, त्यातला अनंतराव भालेरावांचा अग्रलेख चौकात एकजण मोठ्याने वाचायचा, दहाजण ऐकायचे.

त्या दिवसांची आठवण काढली की माझे समवयस्क अजूनही म्हणतात, “काय एकी होती हो!” होती. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत आलो. पण रेल्वेसाठी एक व्हायला कुणाला काय सोडावं लागलं? रूळ आला तर सगळ्यांच्याच गावाहून जाणार होता. त्या एकीची किंमत कुणी मागितलीच नव्हती.

ती मागितली गेली चार वर्षांनी.

मधे आणीबाणी येऊन गेली. तुरुंगात ज्यांचं एरवी पटत नव्हतं अशांनी एका बराकीत दिवस काढले आणि बाहेर आल्यावर आता सगळं बदलणार असा एक वारा होता. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. ज्या माणसाने औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं, आमच्या भागातली पहिली पिढी शिकवली, त्याचं नाव. आम्हाला वाटलं, यात विरोधाला काय आहे? आम्ही म्हणजे कॉलेजातली चार-पाच पोरं. गावाकडे काय शिजतंय ते आम्हाला कळलं नव्हतं, कारण आम्ही ज्या ओसरीवर झोपायचो ती कायम आपल्याच बाजूची असायची.

पुढचे दोन महिने मराठवाडा जळत होता. १,२०० च्या आसपास गावांना झळ लागली. घरं पेटवली, विहिरींत घाण टाकली, माणसं गावं सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा खून झाला. अशी नावं आता दरवर्षी अभिवादनाच्या फलकावर येतात, तेव्हा ती कुजबुजत सांगितली जायची. आणि आमची विकासाची एकी? ती एका आठवड्यात उसवली. गोविंदभाई नामांतराच्या विरोधात, अनंतराव विरोधात. त्यांची कारणं त्यांनी सविस्तर मांडली, प्रादेशिक अस्मितेची, मराठवाडा या नावामागच्या लढ्याची. मी ती पुन्हा वाचली आहेत. माझं मत बदललं नाही आणि त्यांच्याविषयीचा आदरही पुरता गेला नाही, ही माझी जन्माची अडचण. ज्याचा अग्रलेख चौकात वाचायचो, त्याच पेपरात आपल्या मताविरुद्धचा मजकूर वाचायचा आणि पेपर बंदही करवत नाही. दुसरीकडे एस. एम. जोशींसारखा म्हातारा समाजवादी नेता नामांतराची बाजू सांगायला औरंगाबादेत आला तर त्याला अपमान सोसावा लागला. तोही पचवून माणूस पुन्हा आला. बाबा आढाव ‘एक गाव, एक पाणवठा’ घेऊन आधीच खेडोपाडी फिरलेले, त्यामुळे पाण्याचा प्रश्न कुठं जाऊन भिडतो हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

तर आता ‘आघाडी’ कशी बांधायची? युक्रांदचे (युवक क्रांती दल) दोघं, राष्ट्र सेवा दलाचे तिघं, पँथरचा एक गट आणि त्यातून फुटलेला दुसरा गट, दलित युवक आघाडीशी संबंध असलेला औरंगाबादला शिकणारा एक, लाल झेंड्याचे शेतमजूर कार्यकर्ते, एक निवृत्त शाळामास्तर. कळमनुरी तालुक्यातल्या एका गावी बैठक ठरली, बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात. आम्ही मुक्कामी गाडीने गेलो. कंडक्टरने तिकीट पंच करताना सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “कुठं जायलाव एवढे जण? गावात हवा बरी नाही.” पण तिकिटं फाडली.

विषय एक पत्रक काढण्याचा. सायक्लोस्टाइल मशीन हिंगोलीत एका शाळेत होतं, सकाळी स्टेन्सिल नेऊन द्यायची होती. मजकूर अर्ध्या तासात होईल असं वाटलं. पहिल्याच ओळीवर अडलं. सेवा दलाच्या मित्राने लिहिलं होतं, “मराठवाड्यातील दंगलीचा आम्ही निषेध करतो.” पँथरचा पोरगा, विशीतला, शांतपणे म्हणाला, “दंगल कशाला म्हणता? दंगलीत दोन बाजू असतात. आमच्याकडून कोण दंगलीला गेलं होतं?” कुणीतरी म्हणालं, शब्दात काय अडकायचं, भावना महत्त्वाची. मग जे सुरू झालं ते पहाटे तीनपर्यंत. ‘अत्याचार’ म्हणावं तर गावातली मधली माणसं सही करणार नाहीत. ‘दुर्दैवी घटना’ म्हणावं तर ज्यांची घरं जळली ते सही करणार नाहीत. लालबावटेवाले म्हणाले, मजूर विरुद्ध मालक हे आलं पाहिजे, मजुरीचा आणि सालगड्याचा प्रश्न सोडून हे कळायचं नाही. युक्रांदवाला उठून दाराशी गेला, पुन्हा आला. दोनदा ‘मग आम्ही वेगळं पत्रक काढू’ हे वाक्य झालं. पण जाणार कुठं? बाहेर अंधार, गावात हवा वाईट, गाडी सकाळी सहाला.

शेवटी शब्द ठरला ‘हल्ले’. साधा, खेड्यातल्या माणसाला कळणारा. कुणी कुणावर, ते पुढच्या वाक्यात. कंदिलाची काच काळी झाली होती. आघाडी वगैरे जे म्हणतात ते आमच्यापुरतं त्या रात्री झालं. कारण एवढंच की परतीची गाडी नव्हती.

त्याच रात्रीची आणखी एक गोष्ट, जी मी बरीच वर्षं सांगितली नाही. बैठकीआधी जेवण होतं. समाजमंदिराशेजारच्या घरात ज्वारीच्या भाकरी, बेसन, मिरचीचा ठेचा. सगळे बसले. मी म्हणालो, “माझा उपवास आहे.” वार कोणता होता ते आठवत नाही, माझा कसलाच उपवास नव्हता, हे मात्र पक्कं आठवतं. तासाभराने मी त्या खोलीत समतेच्या पत्रकातल्या शब्दांवर तावातावाने बोलणार होतो. माझं पोट, माझा हात, माझ्या आईने घातलेलं काहीतरी आत असं आडवं आलं की मला पुढे सरकता येईना. घरातल्या म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. आत गेली, तव्यावर शेंगदाणे भाजले, गुळाचा खडा ठेवला आणि ताटली पुढे केली. “हे उपासाला चालतंय,” म्हणाली.

शेंगदाणे मी खाल्ले. पुढच्या महिन्यात पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा तिच्याच घरी भाकरी मागून खाल्ली. ती म्हणाली, “आज उपास सुटला जणू.” त्यावर काय बोलायचं असतं, ते मला आजही सुचलेलं नाही.

असं होतं म्हणून आमचा काळ थोर, असं म्हणायला जीभ वळवळते. पण त्या खोलीत किती बायका होत्या, हे आठवून पाहिलं की वळवळ थांबते. एकही नाही. पत्रकावर एकाही बाईची सही नाही. शब्दांचा कीस आम्ही पाडत होतो आणि दाराआड भाकरी थापणारीला कुणी विचारलं नाही की बाई, तुझ्या मते त्याला काय म्हणावं? तिच्या शेतातल्या विहिरीत काय टाकलं होतं ते तिला माहीत होतं. सकाळी आम्ही गाडीत बसलो, तिने आंघोळीला पाणी तापवून दिलं होतं.

नामांतराची लढाई त्यानंतर सोळा वर्षं चालली. नागपूरच्या दीक्षाभूमीवरून ११ नोव्हेंबर १९७९ ला प्रा. जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च निघाला, खडकपूर्णेच्या पुलावर लोकांनी लाठ्या खाल्ल्या. सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. आणि १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’. नामांतर मागितलं, नामविस्तार मिळाला. बाबासाहेबांचंही आणि मराठवाड्याचंही. १९७८ साली हाच तोडगा निघाला असता तर, हा प्रश्न विचारणारे खूप भेटतात. त्यांना मी टेंभुर्णीला जाऊन यायला सांगतो.

पण पुढची गंमत फारशी कुणी सांगत नाही. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि नांदेड, परभणी, लातूरची कॉलेजं तिकडे गेली. आम्हीही, कारण आम्ही परभणीत. म्हणजे ज्या नावासाठी आमच्या खेड्यांतली घरं जळली, ते नाव आमच्या पोरांच्या पदवीवर छापून यायला जेमतेम आठ महिने मिळाले. स्वामीजी मोठे, मुक्तिसंग्रामाचे सेनानी, नवं विद्यापीठ जवळ, पोरांची सोय झाली; सगळं मान्य. पण ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्यापैकी एकाने मला गांधी चौकात मुलाची मार्कशीट दाखवली आणि म्हणाला, “सर, आपण कुठल्या विद्यापीठासाठी भांडत होतो हो?” दोघंही हसलो. थोडं.

नव्वदच्या दशकात सूर बदलला. नावाकडून जमिनीकडे. बीडकडून एकनाथ आवाड यांचं मानवी हक्क अभियान, गायरानाचा लढा. दलित-भूमिहीनांनी गावच्या गायरानावर केलेली, १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा. कागद मुंबईत निघाला, पण तलाठ्याच्या दप्तरात तो उतरायला माणसं लागली. त्यातून मराठवाडाभरच्या लहान लहान संस्था-संघटना जमीन अधिकार आंदोलन म्हणून एकत्र आल्या. त्यांच्या बैठकांना मी पाहुण्यासारखा जायचो. एक फरक डोळ्यांत भरायचा: आता बायका पुढच्या रांगेत होत्या आणि सातबाऱ्याचा उतारा छातीशी धरून बोलत होत्या. आम्ही शब्दांवर रात्र घालवली होती. त्या ‘पीकपेरा लावला की नाही’ एवढ्याच शब्दाला धरून बसायच्या. दुसरा फरक, संस्था. नोंदणी, प्रकल्प, अहवाल, फोटो. पूर्वी गाडीभाडं खिशातून जायचं आणि हिशेब कुणी मागायचं नाही. आता व्हाउचरवर सही. मला सुरुवातीला ते खटकलं. पण खिशातून भाडं देऊ शकणाऱ्यांचीच चळवळ पूर्वी होती, हेही तितकंच खरं. रोजावर जाणाऱ्या बाईला दिवसाची मजुरी बुडवून बैठकीला यायचं तर व्हाउचरची लाज कसली?

महिला किसान अधिकार मंच नावाचं जाळं आता आमच्या भागात आत्महत्याग्रस्त घरांतल्या बायकांबरोबर, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांबरोबर काम करतं. त्याचं सुटसुटीत नाव ‘मकाम’. ‘मुक्काम’ आणि ‘मकाम’ एकाच अरबी धातूपासून आले, थांबण्याची जागा. हे माझ्या एका उर्दू जाणणाऱ्या स्नेह्याने सांगितलं तेव्हा मला उगीचच आनंद झाला.

आताचं काय सांगू? परवा माझ्या फोनवर एकाच दिवसात अकरा गटांचे संदेश आले. संविधान जागर, नदी, पीकविमा, जनसुरक्षा कायद्याला विरोध, शांतता समिती, पुन्हा संविधान. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, बोट जुन्याच अक्षरावर जातं) सकाळी काही घडलं तर सेनगावच्या पोराला चहा व्हायच्या आत कळतं. संयुक्त पत्रकावर चाळीस संघटनांची नावं येतात, त्यातल्या निम्म्यांची एकमेकांशी भेट झालेली नसते. मजकूर कुणीतरी पाठवतो, खाली अंगठे उमटतात. दंगल की हल्ले, हे विचारायला कुणी जागं राहत नाही. विचारलंच कुणी, तर दहा मिनिटांत ‘अमुक यांनी गट सोडला’. आम्हाला गट सोडायला सहा वाजेपर्यंत थांबावं लागायचं.

यात सगळं वाईट आहे असं मुळीच नाही. १९७८ साली एखाद्या वस्तीवर लोक चालून आले तर ते शेजारच्या गावाला कळायला दुसरा दिवस उजाडायचा आणि वर्तमानपत्रात यायला आठवडा. आज एक पोरगी छतावरून व्हिडिओ काढते आणि पोलिसांची गाडी निघते. निदान निघावी लागते. त्या वेळी आमच्याकडे असे फोन असते तर काही घरं उभी राहिली असती. जुन्या काळाचे गोडवे गाताना हे मी स्वतःला बजावत असतो. नेहमी जमतं असं नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये काँग्रेसची भारत जोडो यात्रा आमच्या जिल्ह्यातून गेली, ११ तारखेला कळमनुरीकडून आत आली, १५ ला वाशीमकडे. पक्षाचा मामला होता तो; पण पक्षाचा झेंडा हाती न घेता चालणाऱ्या बऱ्याच संघटना त्यात होत्या, त्यातले काही माझे जुने मित्र, गुडघ्यांना पट्टे बांधून. मीही तीन किलोमीटर चाललो, चौथ्याला रिक्षा केली. दोन बाजूंनी माणसांच्या भिंती होत्या. संध्याकाळी यात्रेकरूंच्या मुक्कामाची जागा पाहिली, ओळीने उभे कंटेनर, त्यांत खाटा, बाहेर पहारा. इतक्या लोकांची सोय दुसरी कशी करणार, शिवाय सुरक्षा, सगळं समजतं. तरी तिथे उभा राहून मला कळमनुरी तालुक्यातलं ते समाजमंदिर आठवत होतं. इथला माणूस गावाचं पाणी पिऊन झोपत नव्हता, झोपायची जागाही बरोबर घेऊन आला होता. कुणा म्हातारीला त्याला विचारता येणार नव्हतं, की बाबा, तुम्ही कोणाचे?

अमेरिकेत मॉन्टगोमेरी शहरात १९५५-५६ साली काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, ३८१ दिवस. त्याचं वर्णन वाचताना मी नेहमी भाषणांपेक्षा गाड्यांच्या व्यवस्थेकडे पाहतो. कुणाची मोटार किती वाजता कोणत्या चर्चपाशी, कामाला जाणाऱ्या मोलकरणींना कोण नेणार. वर्षभर रोज एकमेकांच्या गाडीत बसायचं म्हणजे काय? त्यांनी बस सोडून एकी केली, आम्ही बसला धरून. दोन्हीकडे माणूस माणसाच्या शेजारी अडकला होता.

सध्या आमच्याकडे जो विषय तापलेला आहे तो शक्तिपीठ महामार्गाचा. वर्ध्याजवळच्या पवनारहून गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीपर्यंत, पहिल्या आखणीत ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे, त्यात आमचाही. वसमत तालुक्यातल्या हळदीच्या काळ्या जमिनी त्यात जाणार. ज्या हळदीला २०२४ साली ‘वसमत हळद’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, तिचीच ही जमीन. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी वीस हजार कोटींच्या वर तरतूद मंजूर केली आणि १ जुलैला, कृषिदिनी, बाराही जिल्ह्यांत शेतकरी रस्त्यावर आले. कोल्हापूरचा ऊसवाला आणि वसमतचा हळदवाला एका संघर्ष समितीत! हे आमच्या काळात स्वप्नातही आलं नसतं. पश्चिम महाराष्ट्राला तर आम्ही १९७४ साली शिव्याच घालत होतो, सगळं पाणी-पैसा तिकडे जातो म्हणून. रस्ता देवीदेवतांच्या नावाचा, औंढ्याच्या नागनाथालाही जोडणारा. यावर एक शेतकरी म्हणाला, “नागनाथाला आम्ही जन्मल्यापासून जायलोत. रस्ता नाही म्हणून देव कधी रुसला नाही.”

ही एकी मला आवडते आणि तिच्याकडे पाहताना १९७४ आठवतं. गट नंबर हा रुळासारखाच आहे, तो सगळ्यांना सारखा लागतो. ज्याची जमीन आहे त्याला. ज्याची नाही, त्या शेतात ज्याची मजुरी आहे, त्याचं नाव हरकतीच्या अर्जात कुठल्या रकान्यात लिहायचं, हा प्रश्न मी वसमत तालुक्यातल्या एका बैठकीत विचारला. म्हातारा माणूस म्हणून ऐकून घेतलं. एकजण म्हणाला, “सर, तो मुद्दा आत्ता नको. आधी मोजणी अडवू.” बरोबरच असेल त्याचं. मोजणी अडवायला ताकद लागते. विकास आंदोलनात आम्हीही म्हणायचो, तो मुद्दा आत्ता नको.

बैठक चारला सुरू झाली, सहाला संपली. अंगणात तीसेक मोटारसायकली. साडेसहाला एकही नाही. प्रत्येकजण आपापल्या घरी जेवायला. मला आणायला आलेली पोरगी, कायद्याचं शिकते, तीही निघणार होती, पण आभाळ फाटलं आणि ओढ्याला पाणी आलं. घरमालक म्हणाले, “थांबा आता. रातीचं कुठं जाता?” आणि घराच्या मावशी, माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठ्या असतील, पोरीकडे वळून म्हणाल्या, “तू कोणाची गं, बाई?”

पोरीने आडनाव सांगितलं. स्वच्छ, न अडखळता. नुसतं आडनाव नाही, गाव, वस्ती, आजोबाचं नाव. मावशी “हो का” म्हणाल्या आणि आत गेल्या. घरमालकांनी पावसाबद्दल काहीतरी बोलायला सुरुवात केली.

चहा आला. आमच्या तरुणपणी हॉटेलात वेगळ्यांसाठी वेगळी कपबशी असायची, बाहेर कोनाड्यात, बहुतेक कान तुटलेली. तिला आम्ही लपूनछपून फोडायचो, तोही एक कार्यक्रम होता. इथे ट्रेमध्ये कागदी कप होते. मलाही कागदी, तिलाही कागदी. बैठकीतून उरलेले असतील. आता सगळीकडे तेच असतात, लग्नात, दहाव्याला, ग्रामपंचायतीत. कुणाला कोणता कप दिला हे बघायची सोय राहिलेली नाही. घरमालक आपला चहा नेहमीच्या बशीत ओतून पीत होते.

पोरीने एक घोट घेतला, कप खाली ठेवला. “मावशी,” ती आत बघून म्हणाली, “कागदाचा वास येतोय चहाला. मला पण बशीत द्या ना.”

पाऊस पत्र्यावर वाजत होता. आत भांडी हलल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. घरमालकांनी बशी ओठापाशी तशीच धरली होती.